परभणीची फाईल आणि कणखर केंद्राचे भाट

मराठवाड्याच्या अनुशेषाचा विषय निघाला की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो आणि ठरलेलं उत्तर देतो. उत्तर असं: राज्य चालवायचं तर लगाम एकाच हातात पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्याला, विभागाविभागाला अधिकार वाटत बसलात तर उद्या जो तो वेगळी चूल मांडेल. मराठवाडा मागे राहिला तो निजामामुळे, आणि निजाम गेल्यावरही मागे राहिला तो तुमच्याच पुढाऱ्यांमुळे. तुम्हाला चार मुख्यमंत्री दिले, धरण दिलं, कृषी विद्यापीठ दिलं, हजारो कोटींची पॅकेजं दिली. आणखी काय करायचं? रडगाणं बंद करा आणि कामाला लागा.

हे बोलणारे सगळे पुण्या-मुंबईचे असते तर सोडून दिलं असतं. पण हल्ली हे परभणीत, वसमत रोडवरच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. ज्याच्या शेतात कालव्याचं पाणी येत नाही तोच कणखर नेतृत्वाचे गोडवे गातो. म्हणून हा लेख. या उत्तराला नुसतं चुकीचं म्हणून भागणार नाही. ते फार सोयीचं आहे, आणि ते नेमकं कुणाच्या सोयीचं आहे ते पाहिलं पाहिजे.

निजामापासून सुरुवात करू, कारण दोष द्यायला तो फार बरा पडतो. मेलेला माणूस खुलासा देत नाही. १७२४ ते १९४८ एवढा काळ आसफजाही सत्ता होती, मुलूख जहागिरींत वाटलेला होता, कारभाराची भाषा आधी फारसी आणि नंतर उर्दू होती आणि मराठी पोराला शाळा मिळणं दुरापास्त होतं. हे सगळं खरं. पण निजामाचं राज्य चालायचं कसं? एकोणिसाव्या शतकात पहिल्या सालारजंगानं जिल्हाबंदी केली, प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार बसवला. तो हैदराबादहून यायचा, हैदराबादला लिहायचा आणि हैदराबादच्या हुकमाची वाट बघायचा. जिल्ह्यातल्या कुणाला जाब देणं त्याला बंधनकारक नव्हतं. आता मला सांगा, निजाम गेल्यावर या रचनेतलं नेमकं काय गेलं? तालुकदाराचा कलेक्टर झाला आणि हैदराबादची मुंबई झाली. याहून फार काही बदललेलं मला तरी दिसत नाही.

बदल सुरुवातीलाही घाईनं झाला नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर दिल्लीनं आधी जनरल चौधरी हे लष्करी गव्हर्नर दिले आणि मग वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून दिले. लोकांनी निवडलेलं सरकार यायला १९५२ उजाडलं. आणि ज्या निजामाच्या राज्याविरुद्ध इथल्या पोरांनी सरहद्दीवर कॅम्प चालवले, तोच निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख म्हणून बसवला गेला. ही व्यवस्था परभणीच्या माणसानं केली नव्हती, दिल्लीनं केली होती. सोयीसाठीच केली असेल, माझी तक्रार नाही. पण पुढच्या पिढ्यांना ‘तुमचं सगळं निजामामुळे’ असं ऐकवताना निजामाला सन्मानानं खुर्ची कुणी दिली तेवढं तरी सांगत जा.

रेल्वे बघा. मनमाडहून परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास आली, निजामाच्या काळात. तिचं ब्रॉडगेज व्हायला विसावं शतक संपत आलं. आणि कारभार? १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, मुख्यालय सिकंदराबाद. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, तोही सिकंदराबादच्याच अखत्यारीत. परभणीच्या प्रवाशाला मुंबईला जायला जास्तीची गाडी हवी असेल तर निर्णय तेलंगणात होतो. निजाम गेला, सिकंदराबाद राहिलं. मध्य रेल्वेला जोडा म्हणून इतकी वर्षं मागणी चालली आहे. ती मान्य केल्यानं देशाची एकात्मता कुठे खंडित होणार होती, हे कुणी समजावून सांगेल का?

(जाता जाता: त्याच निजामाचं हैदराबाद गॅझेट सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांच्या प्रश्नात मुंबईला अचानक आधाराला घ्यावं लागलं. म्हणजे अडचण आली की निजामाचे कागद विश्वासाचे, आणि हिशेब विचारला की निजाम खलनायक.)

आता ‘बिनशर्त’. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे दर १७ सप्टेंबरला भाषणात सांगितलं जातं, टाळ्या पडतात. त्यागाचं कौतुक करताना कुणी त्याचा जमाखर्च मांडत नाही. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही होते. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि शिक्षणातल्या जागा देण्याचं लिहून झालं होतं. विदर्भानं कराराचा पाठपुरावा केला. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, विधिमंडळाचं अधिवेशन आलं. आपण बिनशर्तपणाच्या कौतुकात राहिलो आणि औरंगाबादचं खंडपीठ मिळायला १९८१ साल लागलं. पाव शतक जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या पक्षकारानं उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठली. तेव्हाही असंच सांगितलं जात होतं की एकच उच्च न्यायालय असलं की राज्य एकसंध राहतं. खंडपीठ होऊन चार दशकं झाली. राज्य फुटलं का?

संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये १९५६ पासून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ ला. अडतीस वर्षं! मधल्या काळात वि. म. दांडेकरांच्या समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष मोजला, तो सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यातला सुमारे ७५१ कोटी मराठवाड्याचा होता. दांडेकर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ होते, आमच्या गल्लीतले नव्हते. तरी ‘अनुशेष म्हणजे मराठवाड्याचं रडगाणं’ हे म्हणणं काही थांबलं नाही.

आणि मग ही मंडळं गेली कशी? इथे मी वाचकाला जरा थांबायला सांगेन, कारण केंद्रसत्ता आपल्या मुलखावर पकड कशी ठेवते याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. कुणी ती रद्द केली नाही, कुठला कायदा मंजूर झाला नाही, कुठे लाठी चालली नाही. सगळा देश टाळेबंदीत घरात बसला होता आणि एक मुदतवाढ झाली नाही, एवढंच घडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा ठराव केला आणि कागद दिल्लीच्या वाटेला लागला. आता दोष कुणाचा? मुंबई म्हणते आम्ही ठराव केला. दिल्लीनं तर काही म्हणायचीही गरज नाही.

यावर तयार उत्तर आहे: ती मंडळं तरी काय कामाची होती? पांढरा हत्ती! पुढाऱ्यांच्या सोयीच्या नेमणुका! मान्य, नेमणुका सोयीच्या होत्या. पण मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवणं हे त्या कलमानं बंधनकारक केलं आहे. राज्यपालांनी सिंचनाच्या, आरोग्याच्या निधीवाटपाचे निर्देश दिले तेही याच कलमाच्या आधारानं. मंडळ गेलं म्हणजे मोजणी गेली. किती दिलं, किती बाकी, हे सांगणारा अधिकृत कागद गेला. निरुपयोगी मंडळाला मुदतवाढ द्यायला सरकारं एवढी का कचरतात? निरुपयोगी महामंडळं या राज्यात थोडी आहेत का? ती तर सुखानं नांदतात.

‘राज्यपाल तरी दिल्लीचाच माणूस ना, मग तुम्ही मुंबईविरुद्ध दिल्लीचा आधार घेता की!’ असाही टोला मारला जातो. घेतो, नाइलाजानं घेतो. मधल्या मालकापासून संरक्षण हवं तर वरच्या मालकाकडे जायचं, हीच इथली रीत करून ठेवली आहे. आणि मधल्या मालकाचा दुटप्पीपणा तर बघण्यासारखा आहे. जीएसटीचे पैसे अडले, केंद्राच्या योजनेत राज्याचा वाटा वाढवला की मुंबईला संघराज्याचं तत्त्व आठवतं. राज्यांच्या अधिकारावर घाला आला म्हणून निवेदनं निघतात. हेच तत्त्व मुंबईच्या खाली, जिल्ह्याकडे उतरायला लागलं की एकदम फुटीरपणा होतं. मुंबई दिल्लीपुढे संघराज्य सांगते आणि परभणीपुढे कणखरपणा.

‘धरण दिलं, विद्यापीठ दिलं.’ कसं दिलं? राज्यात पहिलं कृषी विद्यापीठ राहुरीला झालं, १९६८. विदर्भात आंदोलन पेटलं होतं, म्हणून १९६९ ला अकोल्याला दुसरं झालं. परभणीला कृषी महाविद्यालय होतं, काळी कसदार जमीन होती, तरी विद्यापीठासाठी मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावं लागलं. तेव्हा कुठे १८ मे १९७२ ला ते झालं. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला पोलिसांची गोळी चालली. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. त्या आंदोलनानंतर सरकारला मराठवाड्याची आठवण झाली. म्हणजे दिलं हे खरं, पण मागितलं म्हणून दिलं नाही, जड गेलं म्हणून दिलं. आणि ज्यानं आंदोलन केलं त्याला पुढच्या पन्नास वर्षांत हेच ऐकवायचं की तुम्हाला दिलं.

जायकवाडीचं तर विचारूच नका. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्याचं टेल आमच्याकडे. पाथरी-मानवतच्या पुढच्या शेतकऱ्याला पाणीपाळी कागदावर मिळते. वरच्या धरणांतून समन्यायी पाणी सोडा असा कायदा राज्यानंच २००५ मध्ये केला. स्वतःचा कायदा पाळ, असं या कणखर राज्याला सांगायला २०१६ मध्ये उच्च न्यायालय लागलं, आणि त्यासाठी मराठवाडा जनता विकास परिषदेला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. एकाच हाती लगाम असण्याचा सगळ्यात मोठा फायदा काय सांगता? सगळ्या मुलखाकडे समान नजरेनं बघता येतं. मग नाशिक-नगरच्या धरणांपुढे आल्यावर ही नजर खाली का जाते?

चार मुख्यमंत्री. हा त्यांचा हुकमाचा पत्ता. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. ठीक. पण हे चौघे आले कुठून आणि गेले कुठे? चौघांचीही नावं दिल्लीत ठरली. चौघांपैकी एकालाही विधानसभेतल्या मतदानानं घालवलं नाही. कुणाला दिल्लीनं बोलावलं, कुणाला बाजूला केलं, कुणाला राजीनामा द्यायला लावला. ज्याची खुर्ची दिल्लीच्या एका फोनवर अवलंबून, तो मराठवाड्याचा मुख्यमंत्री की दिल्लीचा मराठवाड्यातला माणूस? मुलखावर पकड ठेवायची ही फार जुनी आणि स्वस्त युक्ती आहे: अधिकार खाली उतरवू नका, खालचा एक माणूस वर उचला. माणूस वर गेला की मुलखाला अभिमान वाटतो आणि अधिकार आहे तिथेच राहतो. मोगलांनी मनसबी दिल्या त्या काय प्रेमापोटी?

हेच जिल्ह्याच्या पातळीवर पालकमंत्री करतो. घटनेत या पदाचा पत्ता नाही, पण जिल्ह्याचा पैसा त्याच्या अध्यक्षतेखाली वाटला जातो. दिवाकर रावते मुंबईचे, गुलाबराव पाटील जळगावचे, नवाब मलिक मुंबईचे, तानाजी सावंत परंड्याचे, संजय बनसोडे उदगीरचे. परभणीला लाभलेली ही पालकांची यादी. जिंतूरच्या आमदार मेघना बोर्डीकर २०२५ मध्ये पालकमंत्री झाल्या तेव्हा जिल्ह्याला बऱ्याच वर्षांनी घरचा पालक मिळाला. त्याही नेमलेल्याच. ध्वजवंदनाला येणारा, नियोजन समितीच्या बैठकीला येणारा, दोन तासांत परत जाणारा पालक आपण इतकी वर्षं चालवून घेतला. आपल्या पोराच्या शाळेत तरी असा पालक चालतो का?

‘जिल्हा नियोजन समिती आहे की, तीत लोकप्रतिनिधी असतात.’ असतात, निवडून आले तर. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं या समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांच्या सदस्यांतून निवडायचे ठरवलं. आता परभणीत काय झालं ते बघा. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली. महापालिकेची मे २०२२ ला. निवडणुका झाल्या त्या २०२६ उजाडल्यावर. जवळजवळ चार वर्षं अठरा लाखांच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा एक सदस्य नव्हता, शहरात एक नगरसेवक नव्हता. घटनेची कलमं २४३ई आणि २४३यू सांगतात की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि पुढची निवडणूक ती संपण्याआधी. यात कुठे अस्पष्टता आहे?

कारण सांगितलं जातं ओबीसी आरक्षणाच्या खटल्याचं. खटला होता, नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये आकडेवारी मागितली होती, बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलाही होता. मग? मग प्रभागांची संख्या या सरकारनं बदलली, त्या सरकारनं फिरवली, त्याचे वेगळे खटले झाले, तारखा पडत गेल्या. याच काळात २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक वेळेवर झाली, विधानसभेचीही झाली. मतदान केंद्रं होती, कर्मचारी होते, यंत्रं होती, बोटाला लावायची शाई होती. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानंच चार महिन्यांची मुदत घातली, तीही उलटली आणि वाढवून घ्यावी लागली. दिल्ली-मुंबईच्या खुर्च्यांची निवडणूक कधी चार वर्षं लांबते का?

आणि या चार वर्षांत कारभार कुणी केला? जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक. महापालिकेत आयुक्त हाच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, प्रशासक म्हणून त्यावर चर्चा करायची (स्वतःशी), प्रशासक म्हणून मंजूर करायचा आणि आयुक्त म्हणून अंमल करायचा. सभागृहात एकच माणूस, ठराव एकमतानं! पाणीपट्टीबद्दल विचारायचं कुणाला, गल्लीतली नाली तुंबली तर ओरडायचं कुणावर? साहेबांवर? साहेबांची बदली झालेली असते. ‘बनी तो बनी, नाहीतर परभणी’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो, पण अधिकाऱ्यांच्या जगात परभणीची बदली ही अनेकांना शिक्षा वाटते हे उघड गुपित आहे. जो शिक्षा भोगायला आला आहे त्याच्या एकट्याच्या सहीवर चार वर्षांचं अंदाजपत्रक!

इथे एक ऐतिहासिक विनोद आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या त्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवर. त्या समितीनं विचारपूर्वक सांगितलं होतं की जिल्हा परिषदेतून कलेक्टर बाहेर ठेवा, सत्ता निवडलेल्या सदस्यांकडे द्या, अधिकारी त्यांच्या हाताखाली असू द्या. देशभर त्याचं कौतुक झालं. २०१३ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाला याच वसंतरावांचं नाव दिलं. नाव विद्यापीठाच्या कमानीवर चढलं आणि काही वर्षांत त्यांच्या जिल्हा परिषदेत अधिकारी अध्यक्षाच्या जागी बसला. पुण्यस्मरण करावं तर असं.

दुष्काळाचा अधिकारही असाच वर सरकला, आणि या वेळी तर निकष ठरवणं मुंबईच्याही हातून सुटलं. पूर्वी पैसेवारी लागायची, पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरलं जायचं. भांडायला तहसील तरी होतं. २०१६ मध्ये केंद्रानं दुष्काळ संहिता आणली: आधी पावसाची तूट, मग उपग्रहातून दिसणारी हिरवळ, मातीतला ओलावा, मग प्रत्यक्ष पाहणी. शास्त्रीय आहे, मी शास्त्राच्या विरोधात नाही. पण २०२३ च्या खरिपात पावसानं जी दडी मारली ती परभणीतल्या सोयाबीन-कापूसवाल्यांना विचारा. त्या वर्षी राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. परभणीच्या नऊ तालुक्यांतला एकही त्यात नव्हता. मग ओरड झाल्यावर राज्यभरातल्या हजाराहून जास्त महसूल मंडळांना ‘दुष्काळसदृश’ ठरवून सवलतींची यादी हातात दिली. शेतकऱ्याच्या बांधावरचं करपलेलं पीक खरं की उपग्रहातलं चित्र, हे ठरवण्याचा अधिकार त्या बांधापासून आणखी शेकडो कोस लांब गेला. याला तुम्ही कार्यक्षमता म्हणता.

आणि पॅकेज! २०१६ मध्ये औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक झाली, सुमारे ४९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या. २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाला पुन्हा तिथेच बैठक, पुन्हा ४५ हजार कोटींच्या वरचा आकडा. दोन्ही आकडे मथळ्यात छान दिसले. अनुशेषाचा पैसा मागता येतो, त्याचा हिशेब विधानसभेत मांडावा लागतो, नाही मिळाला तर कोर्टात जाता येतं. पॅकेजचं काय करणार? ते देणाऱ्याच्या मर्जीचं. त्यात आधीच्या वर्षीची कामं घाला, पुढच्या दहा वर्षांची घाला, कुणी विचारत नाही. विकास मंडळांची मुदत संपू दिली आणि मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्यात आणली, यातला संबंध ज्याला दिसत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

राहता राहिली ती मोठी भीती: अधिकार वाटले की राज्य फुटतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो ना? तर मग जर्मनीच बघू. हिटलरनं १९३४ मध्ये तिथल्या प्रांतांचे अधिकार काढून घेतले आणि सगळी सत्ता बर्लिनमध्ये गोळा केली. कणखरपणाची याहून मोठी हौस कुणी भागवली असेल? अकरा वर्षांत देश बेचिराख झाला आणि दोन तुकडे झाले. १९४९ च्या नव्या पश्चिम जर्मन घटनेनं प्रांतांची व्यवस्था अशी बांधली की संसदेला घटनादुरुस्ती करूनही ती मोडता येत नाही. तोच देश १९९० मध्ये पुन्हा एक झाला, सोळा प्रांतांसह, आणि आज त्या प्रांतांच्या संमतीशिवाय बर्लिनला कित्येक कायदे करता येत नाहीत. शेजारी पाकिस्ताननं उलटं केलं. १९५५ मध्ये पश्चिमेचे सगळे प्रांत मोडून ‘वन युनिट’ केलं, ढाक्याचा आवाज दाबला. १९७१ मध्ये काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आपल्या देशात? भाषावार राज्यं दिली तर भारत फुटेल असं पन्नासच्या दशकात मोठमोठे लोक सांगत होते. दिली. भारत फुटला नाही, उलट महाराष्ट्र नावाचं राज्य आपल्या हाती आलं. ज्या युक्तिवादाला झुगारून मुंबई राजधानी म्हणून मिळाली, तोच युक्तिवाद आज मुंबईत बसून परभणीला ऐकवला जातो. लाज कुणाला वाटायला हवी?

परभणीला वेगळं राज्य नको आहे. मलाही नको. आणि आमचे पुढारी धुतल्या तांदळासारखे आहेत असंही मी म्हणत नाही, टक्केवारी इथेही चालते. पण नालायक नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. प्रशासकाला कसं बसवणार?

कणखरपणा खरा कुठे दिसतो तेही पाहिलं आम्ही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, दगडफेक झाली, मग पोलीस वस्त्यांत शिरले. कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश द्यायला जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठ लागलं. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे हरलं. पाणी सोडायला, निवडणूक घ्यायला, मंडळाला मुदतवाढ द्यायला ज्या सरकारचा हात उचलत नव्हता, त्याचा हात इथे मात्र झटक्यात उचलला गेला. आणि ज्या खंडपीठानं त्याला जाब विचारला ते पंचवीस वर्षं मराठवाड्याला नाकारलेलं खंडपीठ होतं.

तेव्हा कणखर केंद्राच्या भक्तांनी एकदा स्वच्छ सांगावं. आमच्या मागण्या एवढ्याच. कलम ३७१(२) ची मंडळं कायमची करा, मुदतीच्या दोरीवर टांगू नका. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष जिल्ह्यानं निवडलेला असू द्या, मुंबईनं पाठवलेला नको. पालकमंत्र्याला ध्वजवंदनापुरता ठेवा. सहा महिन्यांच्या वर कुठेही प्रशासक बसला तर त्यानं घेतलेला प्रत्येक आर्थिक निर्णय नव्या सभागृहापुढे मंजुरीला आला पाहिजे, नाही तर रद्द. यातल्या कशानं महाराष्ट्र फुटतो? मुद्देसूद सांगा, निजामाचं नाव न घेता सांगा. परभणीच्या महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची आताची मुदत २०३१ मध्ये संपेल. ती संपण्याआधी इथे मतपेट्या येतात की आयुक्तांच्या टेबलावर पुन्हा प्रशासकाची पाटी येते, याची जबाबदारी तुमच्या कणखर नेत्यानं आज, लेखी, तारखेसह घ्यावी.